आधी मेमरी, मग थ्रेड: एकच समांतर प्रोग्राम लॅपटॉप, सर्व्हर आणि जीपीयूवर नेण्याचा क्रम

नागपुरातल्या इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत एक गोष्ट दरवर्षी दिसते. एका थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) चालणारा प्रोग्राम तयार असतो. कोणीतरी लूपच्या डोक्यावर ओपनएमपीची (लूप अनेक थ्रेडांत वाटणाऱ्या सोयीची) एक ओळ टाकतो. आठ थ्रेड लावूनही वेग जेमतेम दीडपट होतो. मग ‘पोर्टेबल करू’ म्हणून कोकोस (एकच कोड वेगवेगळ्या यंत्रांवर चालवणारी सी++ लायब्ररी) आणला जातो. लॅपटॉपवर उत्तर बरोबर येतं, जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डाच्या प्रोसेसरवर) मात्र आकडे आडवे-उभे झालेले निघतात. सादरीकरणाला चार दिवस उरलेले असताना मग कळतं की मेमरी कुठल्या क्रमाने वाचली जाते, हे कोणी एकदाही मोजलेलं नाही.

अशा पोर्टेबल साधनांपैकी कोकोस, रॅजा, सायकल (एसवायसीएल) किंवा ओपनएमपीचं टार्गेट (काम जीपीयूकडे देणारी आज्ञा), काहीही घ्या. कोड एकदाच लिहिता येतो, हे खरं. पण मेमरीतली वाट प्रत्येक यंत्राला वेगळी लागते. सीपीयूच्या एका थ्रेडला सलग शेजारचे आकडे हवे असतात. जीपीयूला शेजारच्या थ्रेडने शेजारचा आकडा उचललेला हवा असतो. हा फरक साधन सांभाळतं, पण तुम्ही त्याच्या हातात सांभाळायला दिलं तरच.

उदाहरण सगळीकडे एकच ठेवू. तापमानाची ४०९६ × ४०९६ चौकोनांची जाळी घ्यायची आणि प्रत्येक चौकोनाची नवी किंमत स्वतःवरून आणि चार शेजाऱ्यांवरून काढायची. चौकोन दहा मीटरचा धरला तर झिरो माइल मध्ये ठेवून ४१ किलोमीटरचा चौरस होतो, म्हणजे शहरासकट हिंगणा आणि कामठीही आत येतात. एकूण १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ चौकोन. दर चौकोनाला ८ बाइटचा डबल (दशांश संख्येचा प्रकार), म्हणजे एका अ‍ॅरेला १३.४ कोटी बाइट (१२८ एमबी). जुना आणि नवा असे दोन अ‍ॅरे लागतील.

साधनं: लिनक्स, जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर, सीमेक (प्रोग्राम बांधण्याचं साधन), कोकोस ४ (याला सी++१७ चालणारा कंपायलर लागतो), व्हॅलग्रिंड (मेमरीचा वापर तपासणारं साधन) आणि पर्फ (प्रोसेसरचे काउंटर वाचणारं साधन). खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमी अक्षरांत टंकायच्या.

## टप्पा १: यंत्राची कुंडली मांडा

कोड उघडण्याआधी अर्धा तास इथे घालवा.

१. ‘एलएससीपीयू’ चालवा. किती खरे कोअर आणि किती हायपरथ्रेड, हे वेगवेगळं लिहून ठेवा. ‘८ सीपीयू’ दिसले म्हणजे ८ कोअर असतीलच असं नाही. बऱ्याच लॅपटॉपवर ते ४ कोअर × २ असतात.

२. कॅशचे (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीचे) आकार आणि कॅश लाइनची (एका वेळी आणल्या जाणाऱ्या तुकड्याची) लांबी पाहा. इंटेल आणि एएमडीवर लाइन ६४ बाइटची असते, म्हणजे ८ डबल. अ‍ॅपलच्या एम मालिकेत १२८ बाइट. हा आकडा पुढे सतत लागेल.

३. रॅमच्या किती पट्ट्या बसवल्या आहेत ते ‘डीएमआयडीकोड’ने तपासा. डीडीआर४-३२०० ची एक वाहिनी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, दोन वाहिन्या ५१.२. लॅबमधल्या मशीनमध्ये १६ जीबीची एकच पट्टी असेल तर निम्मी बँडविड्थ (सेकंदाला हलणारा डेटा) तिथेच गेली. मग थ्रेड कितीही वाढवा, ती परत येत नाही. हे आधी कळलं तर आठवडा वाचतो.

४. रॅमचा वेग मोजणारा स्ट्रीम हा छोटा बेंचमार्क चालवा. अ‍ॅरेचा आकार शेवटच्या कॅशच्या किमान चौपट ठेवा, नाहीतर तुम्ही रॅमऐवजी कॅश मोजाल. आधी एका थ्रेडवर चालवा, मग २, ४, ८ वर. चार आकडे येतात: कॉपी, स्केल, अ‍ॅड, ट्रायड. आपल्या उदाहरणासाठी स्केल घ्या. त्यातही एक वाचन आणि एक लेखन असतं, आपल्या जाळीसारखंच. कॉपी घेऊ नका. जीसीसी तो लूप कधी कधी मेमकॉपी या तयार फंक्शनमध्ये बदलतो, मेमकॉपी मोठ्या आकाराला कॅश वगळून लिहिते आणि आकडा फुगतो.

सावधान, ऊन: मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना दुपारी घेतलेलं मोजमाप आणि सकाळी सहाला घेतलेलं मोजमाप यांची तुलना करू नका. लॅपटॉप तापला की प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग आपोआप उतरतो आणि तुम्हाला वाटतं की कालचा बदल वाईट होता. ‘सीपीयूपॉवर’ने गव्हर्नर (हा वेग ठरवणारी सेटिंग) ‘परफॉर्मन्स’वर ठेवा आणि चार्जर लावा. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि वेग पडतो, तेव्हा त्या वेळचे आकडे सरळ फेकून द्या. मोजताना शेजारी ‘टर्बोस्टॅट’ उघडं ठेवलं की वेग कधी उतरला ते लगेच कळतं.

सावधान, विंडोज: डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतलं लिनक्स) किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये पर्फला हार्डवेअरचे काउंटर बहुधा मिळत नाहीत, समोर ‘नॉट सपोर्टेड’ लिहून येतं. थेट लिनक्सवर बूट करा. उबुंटूवर ‘पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड’ ही लिनक्स कर्नलची किंमत ४ असते, म्हणून साध्या वापरकर्त्याला काहीच मोजता येत नाही. ती १ करा.

## टप्पा २: एका थ्रेडचं उत्तर कुलूपबंद करा

१. साधा, सरळ, एका थ्रेडचा कोड लिहा. त्याला हुशारी लावू नका. हाच पुढे मापदंड राहणार आहे.

२. चाचणीसाठी ६७ × ५३ ची जाळी घ्या. मुद्दामच चौरस नाही आणि मुद्दामच ८ ने भाग न जाणारी. चौरस जाळीत आय आणि जे यांची अदलाबदल झाली तरी अ‍ॅरेच्या बाहेर पाऊल पडत नाही आणि चूक लपून राहते. सुरुवातीचं तापमानही सममित ठेवू नका. मध्यभागी एक गरम ठिपका ठेवलात तर आडवं-उभं उलटलं तरी उत्तर तेच येईल. एका कोपऱ्याजवळ ठेवा.

३. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मर्यादेबाहेरचं वाचन-लेखन पकडणारा कंपायलरचा पर्याय) लावून एकदा चालवा. कडेच्या चौकोनांना चार शेजारी नसतात. लूप शून्यापासून सुरू केला असेल तर इथेच पकडला जाईल.

४. शंभर फेऱ्यांनंतरची पूर्ण जाळी फाइलमध्ये साठवा.

पुढची प्रत्येक आवृत्ती या फाइलशी ताडून पाहायची. सापेक्ष फरक १०⁻१२ च्या आत असेल तर पास. बिट-न-बिट जुळण्याचा आग्रह धरू नका. बेरजेचा क्रम बदलला की दशांशातलं शेवटचं घर हलतं, ती चूक नसते. उलट फरक तिसऱ्या-चौथ्या घरात असेल तर ‘फ्लोटिंग पॉइंटमुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका. तिथे बहुतेक वेळा डेटा रेस (एकाच जागी दोन थ्रेडांची एकाच वेळी वाचा-लिहायची झटापट) असते.

## टप्पा ३: एकाच थ्रेडची मेमरीतली वाट तपासा

घोडं पेंड खातं ते इथे, आणि नेमका हाच टप्पा बहुतेक जण गाळतात.

छत, म्हणजे रॅमच्या वेगामुळे लागणारा कमीत कमी वेळ, आधी काढा. जाळीच्या एका फेरीत दर चौकोनाला एक नवं वाचन आणि एक लेखन, म्हणजे १६ बाइट. बाकीचे चार शेजारी कॅशमधून मिळायला हवेत. एकूण २६.८ कोटी बाइट. तुमच्या यंत्रावर स्ट्रीमच्या स्केलने सगळे थ्रेड मिळून ३० जीबी प्रति सेकंद दाखवलं असेल, तर एका फेरीला किमान ८.९ मिलिसेकंद लागणारच. लिहिण्याआधी प्रोसेसर ती लाइन कॅशमध्ये ओढून आणतो, म्हणून प्रत्यक्षात २४ बाइट हलतात. पण स्केलमध्येही तेच होतं आणि तोही ते मोजत नाही, म्हणून तुलना बरोबर राहते. हा ८.९ चा आकडा भिंतीवर चिकटवा. तुमचा प्रोग्राम १० मिलिसेकंदांवर आला की काम संपलं. तिथून पुढे थ्रेड वाढवणं म्हणजे नागपुरातल्या भरलेल्या ‘आपली बस’मध्ये आणखी माणसं चढवणं.

आता कॅशग्रिंड, व्हॅलग्रिंडमधलं कॅशची नक्कल करणारं साधन. प्रोग्राम ओ-२ आणि जी या पर्यायांनी बांधा. फक्त या चाचणीपुरतं वेक्टरायझेशन बंद ठेवा (एफ-नो-ट्री-वेक्टराइज). नाहीतर एका सूचनेत दोन-चार डबल वाचले जातात आणि टक्केवारीचा अर्थ लावता येत नाही. व्हॅलग्रिंड ३.२१ पासून कॅशग्रिंड आपणहून कॅशची नक्कल करत नाही. ‘कॅश-सिम बरोबर येस’ असं सांगावं लागतं. ते विसरलात तर फक्त सूचनांची संख्या मिळते, आणि जुने व्हिडिओ पाहून करणाऱ्यांना ‘माझ्याकडे मिस (आकडा कॅशमध्ये न सापडणं) दिसतच नाहीत’ असं वाटतं. प्रोग्राम कित्येक पट मंदावतो, म्हणून एक-दोन फेऱ्या पुरेत.

पहिल्या पातळीची कॅश ३२ केबी असेल तर साधारण असं दिसायला हवं:

- आतला लूप ओळीवरून सरकत असेल (सी++ मध्ये शेवटचा निर्देशांक आत): वाचनांत सुमारे ७.५ टक्के मिस, लेखनांत १२.५ टक्के.
- आतला लूप स्तंभावरून उतरत असेल: वाचनांत सुमारे २५ टक्के, लेखनांत जवळपास १००.

आकडे कुठून आले ते समजून घ्या, म्हणजे स्वतःच्या कोडसाठी काढता येतील. ओळीने जाताना वरची, मधली, खालची अशा तीन धारा चालतात. प्रत्येक धारेत ८ डबलमागे एक नवी लाइन लागते. म्हणजे दर चौकोनाला ३/८ मिस, आणि वाचनं पाच: ७.५ टक्के. लेखनाची धार एकच, म्हणून १/८. स्तंभाने उतरताना खालचा शेजारी दर वेळी नव्या लाइनवर असतो. लेखनाची जागाही तशीच, दर वेळी ३२ हजार ७६८ बाइटची उडी. लाइनच्या कडेला आलेल्या डाव्या-उजव्या शेजाऱ्यांमुळे वर थोडी भर पडते.

४०९६ चा सापळा. दोनाच्या घातातली रुंदी सोयीची वाटते, पण कॅशसाठी ती वाईट. ३२ केबी, ८ पदरी (प्रत्येक संचात ८ लाइन मावणाऱ्या) कॅशमध्ये ६४ संच असतात आणि दर ४०९६ बाइटनंतर तोच संच परत येतो. आपली ओळ ३२७६८ बाइटची, म्हणजे ४०९६ च्या बरोबर आठपट. एका स्तंभातले सगळे चौकोन एकाच संचात जाऊन भांडतात आणि आठच लाइन टिकतात. बाकी कॅश रिकामी असली तरी उपयोग नाही. उपाय: ओळ ४१०४ डबलची ठेवा, शेवटचे ८ वापरायचेच नाहीत. आता ओळ ५१३ लाइनची झाली आणि पुढची ओळ पुढच्या संचात गेली. आपल्या जाळीत लूप फिरवला की प्रश्न सुटतो, पण ट्रान्सपोज (ओळी-स्तंभांची अदलाबदल) किंवा द्विमितीय एफएफटी (फूरिये रूपांतर) असेल तिथे स्तंभाने जावंच लागतं. तिथे ही भर टाकल्याशिवाय गत्यंतर नाही.

तपासा: एका थ्रेडचा वेळ आता स्ट्रीमच्या एका थ्रेडच्या स्केलवरून काढलेल्या छताच्या दीडपटीच्या आत आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका. आठ थ्रेड वाईट वाट आठपट वेगाने चालत नाहीत, ते फक्त रॅमच्या दारात गर्दी करतात.

## टप्पा ४: कोकोसमध्ये आणा, एका वेळी एक गोष्ट

१. कोकोस बांधताना आधी फक्त सीरियल बॅकएंड (एका थ्रेडवर चालवणारा भाग) चालू करा. ओपनएमपी आणि कूडा (एनव्हिडियाच्या जीपीयूसाठी) नंतर. सोबत ‘डीबग बाउंड्स चेक’ चालू असलेली दुसरी बांधणी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. ही मंद असते. मोजमापासाठी वापरू नका, पण मर्यादेबाहेर वाचलं की व्ह्यूच्या (कोकोसच्या स्वतःच्या प्रकारच्या मांडणीच्या) नावासकट सांगते.

२. स्वतःच्या प्रकल्पात सीमेकचा ‘बिल्ड टाइप’ रिलीज असा स्पष्ट लिहा. रिकामा ठेवला तर ऑप्टिमायझेशनशिवाय बांधणी होऊ शकते आणि ‘कोकोस साध्या कोडपेक्षा कितीतरी मंद आहे’ असा निष्कर्ष निघतो. टेम्प्लेट न उलगडलेला कोकोस खरंच मंद असतो.

३. अ‍ॅरेऐवजी व्ह्यू वापरा आणि प्रत्येकाला नाव द्या: ‘जुने’, ‘नवे’ असं काहीही. प्रत्येक पॅरलल-फॉरलाही (कोकोसच्या समांतर लूपलाही) नाव द्या. नावाशिवाय शेवटच्या टप्प्यातली साधनं हातभर लांबीचे टेम्प्लेट छापतात.

४. मेमरीतली मांडणी स्वतः ठरवू नका. नेमकी इथेच पोर्टेबिलिटी हातची जाते. सीपीयूसाठी व्ह्यूची मूळ मांडणी ‘लेआउट राइट’ असते: शेवटचा निर्देशांक सलग, साध्या सी अ‍ॅरेसारखा. कूडा आणि हिपसाठी (एएमडीच्या जीपीयूसाठी) ‘लेआउट लेफ्ट’: पहिला निर्देशांक सलग. ‘आधीच्या कोडशी जुळावं’ म्हणून कोणीतरी लेआउट राइट कायमचं लिहून टाकतो. कोड जीपीयूवर चालतो, उत्तरही बरोबर येतं, पण थ्रेडची वाट मांडणीशी जुळत नाही आणि वेग पडतो.

५. व्ह्यूमधून ‘डेटा’ पॉइंटर काढून आय गुणिले एन अधिक जे असं हाताने मोजू नका. लॅपटॉपवर बरोबर, जीपीयूवर जाळी आडवी-उभी. सुरुवातीला सांगितलेली उलटलेली उत्तरं बहुतेक इथूनच येतात. कंसात दोन निर्देशांक द्या, बाकी व्ह्यूवर सोडा.

६. दोन मितींसाठी ‘एमडीरेंज पॉलिसी’ (दोन्ही लूप एकत्र समांतर करणारी सोय) घ्या. फक्त ओळींवर समांतर आणि आत साधा लूप अशी रचना सीपीयूला चालते. जीपीयूला मात्र ४०९६ कामं म्हणजे उपाशी ठेवणं. त्याला लाखांत कामं लागतात.

नेहमीच्या तीन चुका:

- कर्नलच्या (इथे लिनक्सचं नव्हे, समांतर लूपमधल्या कामाच्या) आत वर्गाचा सदस्य थेट वापरणं. लॅम्डा (हे काम लिहिलेलं निनावी फंक्शन) सदस्याची नक्कल करत नाही, ‘धिस’ पॉइंटर पकडतो, आणि तो पत्ता जीपीयूला ओळखीचा नसतो. आधी स्थानिक चलात घ्या, मग वापरा.
- ‘फायनलाइझ’च्या (कोकोस बंद करण्याच्या) वेळी व्ह्यू जिवंत असणं. मेनमध्ये इनिशियलाइझ आणि फायनलाइझ यांच्या मध्ये महिरपी कंसाचा एक गट टाका आणि सगळे व्ह्यू त्यात ठेवा. नाहीतर उत्तर छापून झाल्यावर प्रोग्राम कोसळतो.
- बेरजेसाठी बाहेरच्या चलात भर घालत जाणं. पॅरलल-रिड्यूस वापरा.

तपासा: सीरियल बॅकएंडवर ६७ × ५३ ची जाळी मापदंडाशी जुळते का, आणि ४०९६ च्या जाळीचा वेळ साध्या कोडच्या जवळपास आहे का. दुप्पट लागत असेल तर आधी सीमेकचा बिल्ड टाइप पाहा.

## टप्पा ५: थ्रेड

ओपनएमपी बॅकएंड चालू करून पुन्हा बांधा. चालवण्याआधी ‘ओएमपी_प्रॉक_बाइंड’ला स्प्रेड आणि ‘ओएमपी_प्लेसेस’ला कोअर्स (हायपरथ्रेड वापरायचे तर थ्रेड्स) अशी किंमत द्या. हे दिलं नाही तर कोकोस सुरुवातीलाच इशारा छापतो आणि सगळे जण त्याकडे दुर्लक्ष करतात. थ्रेड मोकळे असले की ऑपरेटिंग सिस्टिम त्यांना इकडून तिकडे हलवते, आणि तोच प्रोग्राम एकदा ११, एकदा १७ मिलिसेकंद दाखवतो. ‘ओएमपी_डिस्प्ले_अ‍ॅफिनिटी’ ट्रू केलं की कोणता थ्रेड कुठे बसला ते छापून येतं.

### आधी डेटा रेस, मग वेग

थ्रेड सॅनिटायझर लावायचा असेल तर क्लँग घ्या. जीसीसीची ओपनएमपी लायब्ररी सॅनिटायझरला दिसेल अशी बांधलेली नसते. बॅरियर (सगळे थ्रेड एकमेकांसाठी थांबतात ती जागा) त्याला कळत नाही आणि निर्दोष कोडवर इशाऱ्यांचा पाऊस पडतो. क्लँगसोबत येणारा आर्चर ही उणीव भरून काढतो. कोकोससुद्धा त्याच पर्यायांनी बांधलेला हवा. अ‍ॅड्रेस आणि थ्रेड हे दोन सॅनिटायझर एकत्र चालत नाहीत.

वेग ५ ते १५ पट उतरतो आणि मेमरी ५ ते १० पट लागते, म्हणून लहान जाळीच वापरा. सुरू होताच ‘अनएक्स्पेक्टेड मेमरी मॅपिंग’ म्हणून प्रोग्राम थांबला तर तुमच्या कोडला दोष देऊ नका. नव्या लिनक्स कर्नलवर पत्ते जास्त विस्कटले जातात, ‘व्हीएम.एममॅप_आरएनडी_बिट्स’ २८ करा.

आपल्या जाळीत जुना आणि नवा अ‍ॅरे वेगळे असल्यामुळे रेस नसावी. असेल तर नव्यातूनच वाचत आहात का ते पाहा. दोन व्ह्यूंची अदलाबदल फेरीच्या शेवटी करायची, कर्नलच्या आत नव्हे.

### फॉल्स शेअरिंग

प्रत्येक थ्रेडसाठी एक खाना असलेला ८ डबलचा अ‍ॅरे केला, की आठही खाने एकाच ६४ बाइटच्या लाइनवर येऊ शकतात. कोणी कोणाचा आकडा वापरत नाही, पण लाइन मात्र कोअर-कोअरमध्ये हिसकली जाते. कॅशग्रिंडमध्ये हे दिसत नाही, कारण व्हॅलग्रिंड एका वेळी एकच थ्रेड चालवतो. त्यासाठी ‘पर्फ सीटूसी’चं रेकॉर्ड आणि मग रिपोर्ट चालवा. अहवालात ‘हिटएम’च्या (दुसऱ्या कोअरने बदललेली लाइन मागण्याच्या) स्तंभात एकच लाइन सगळ्यांत वर आणि तिच्यावर अनेक थ्रेड असतील तर तीच. सगळ्या प्रोसेसरवर सीटूसी चालत नाही. नाही चाललं तर खान्यांमध्ये अंतर टाकून वेळ बदलतो का ते पाहा. उपाय: थ्रेडने स्थानिक चलात बेरीज करून शेवटी एकदाच लिहायचं. तसं जमत नसेल तर प्रत्येक खाना ६४ बाइटवर संरेखित करा. इंटेलचा प्रीफेचर (डेटा आधीच आणून ठेवणारा भाग) शेजारची लाइनही ओढतो, म्हणून तिथे १२८ जास्त बरं.

### दोन सॉकेटचा सर्व्हर

लॅपटॉपवर हा भाग सोडून द्या. पण २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या यंत्रांवर, उदाहरणार्थ पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मवर, काम न्यायचं असेल तर वाचा. लिनक्स मेमरीचं पान (छोटा तुकडा) त्या सॉकेटजवळ (प्रोसेसरच्या जागेजवळ) देतो, ज्याचा थ्रेड त्याला पहिल्यांदा स्पर्श करतो. एसटीडी व्हेक्टर तयार करताना मुख्य थ्रेड एकटाच सगळीकडे शून्य लिहितो आणि अख्खा अ‍ॅरे एका सॉकेटजवळ जातो. दुसऱ्या सॉकेटचे सगळे कोअर मग लांबून पाणी भरत बसतात. कोकोसचा व्ह्यू समांतर शून्य भरतो, म्हणून हे आपोआप टळतं. ‘विदाउट इनिशियलायझिंग’ वापरलं असेल तर पहिली भरणी स्वतः पॅरलल-फॉरने करा, आणि फाइल वाचून थेट व्ह्यूत ओतू नका. मुख्य थ्रेडने ओतली तर पुन्हा तेच.

तपासा: १, २, ४, ८ थ्रेडचे वेळ स्ट्रीमच्या स्केलच्या आकड्यांशेजारी मांडा. दोन्ही एकाच जागी सपाट होत असतील तर कोड ठीक आहे, रॅमचा वेग संपला. स्ट्रीम चढतोय आणि तुमचा कोड सपाट, तर पर्फ सीटूसीकडे परत जा.

## टप्पा ६: जीपीयू

१. मोजण्याआधी फेन्स, म्हणजे आधीचं काम संपेपर्यंत थांबवणारी आज्ञा. पॅरलल-फॉर जीपीयूकडे काम सोपवून लगेच परत येतो. घड्याळ तिथेच थांबवलं तर काही मायक्रोसेकंद दिसतात आणि ‘हजारपट वेग’ असा तक्ता तयार होतो. घड्याळ सुरू करण्याआधी आणि थांबवण्याआधी कोकोसचा फेन्स घाला. पहिली फेरी मोजू नका.

२. नेआण मोजा. पीसीआयई (जीपीयूला जोडणारा मार्ग) ३ च्या ८ लेनची कमाल एका दिशेने सेकंदाला सुमारे ७.९ जीबी, आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८ च लेन असतात. आपला एक अ‍ॅरे न्यायलाच किमान १७ मिलिसेकंद. सीपीयू पूर्ण फेरी ९ मध्ये करतो. दर फेरीला जाळी परत आणत असाल तर जीपीयू हरणारच. एकदा न्या, हजार फेऱ्या तिथेच करा, शेवटी आणा.

३. यजमानाकडची (सीपीयूकडची) प्रत ‘क्रिएट मिरर व्ह्यू’ने बनवा, स्वतंत्र व्ह्यू घोषित करून नव्हे. मिररची मांडणी जीपीयूसारखीच असते, म्हणून डीप कॉपी (कोकोसची डेटा नेण्या-आणण्याची आज्ञा) थेट होते. मांडणी वेगळी ठेवलीत तर प्रोग्राम चालतानाच डीप कॉपी एरर देऊन अडेल. तेव्हा पॉइंटर काढून मेमकॉपी करण्याचा मोह होतो. करू नका, टप्पा ४ चा पाचवा मुद्दा पुन्हा वाचा.

४. ‘कंप्यूट सॅनिटायझर’ (एनव्हिडियाचं चुका शोधणारं साधन) मेमचेकसह लहान जाळीवर चालवा. मर्यादेबाहेरचं वाचन जीपीयूवर बरेचदा मुकाट पचतं आणि कचरा आकडा देतं.

५. मग ‘एनसीयू’, म्हणजे एनसाइट कंप्यूट, एनव्हिडियाचं मोजमापाचं साधन. परवानगी नाही असा संदेश आला तर प्रशासक म्हणून चालवा. काउंटर साध्या वापरकर्त्याला बंद असतात. सगळे आकडे पाहत बसू नका, ‘सेक्टर्स पर रिक्वेस्ट’ शोधा. वॉर्पमध्ये (जीपीयूवर एकत्र चालणाऱ्या गटात) ३२ थ्रेड, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे २५६ बाइट. सेक्टर, म्हणजे मेमरीतून आणायचा तुकडा, ३२ बाइटचा. सलग वाचन असेल तर ८. डावी-उजवीकडच्या शेजाऱ्यांमुळे ९ च्या आसपास दिसेल, तेही ठीक. ३२ च्या जवळ दिसलं तर प्रत्येक थ्रेड वेगळ्या सेक्टरवर जातोय आणि आणलेल्या ३२ बाइटपैकी ८ च वापरले जातायत. कुठेतरी लेआउट राइट लिहून ठेवलंय, किंवा निर्देशांकांचा क्रम उलटलाय.

गेमिंगच्या कार्डवर डबलचं गणित फार मंद असतं. अलीकडच्या जीफोर्समध्ये फ्लोटच्या (४ बाइटच्या संख्येच्या) ६४ व्या हिश्श्याइतकं. आपली जाळी मेमरीवर अडते, म्हणून फटका कमी बसतो. पण प्रत्येक चौकोनात घातांक किंवा साइन काढत असाल तर हिशेब बदलतो.

## टप्पा ७: कोकोसची स्वतःची साधनं आणि नोंदवही

कोकोस टूल्स वेगळे बांधावे लागतात, पण तुमचा प्रोग्राम पुन्हा बांधावा लागत नाही. ‘कोकोस_टूल्स_लिब्स’ या चलात साधनाच्या लायब्ररीचा पूर्ण मार्ग द्या आणि प्रोग्राम नेहमीसारखा चालवा. तीन पुरतात: कोणत्या कर्नलला किती वेळ ते सांगणारा ‘सिंपल कर्नल टायमर’, कोणता व्ह्यू कधी घेतला आणि सोडला ते सांगणारा ‘मेमरी इव्हेंट्स’, आणि दोन्हींचं झाड छापणारा ‘स्पेस टाइम स्टॅक’. काहीच छापलं नाही आणि नवी फाइलही तयार झाली नाही तर मार्ग चुकलाय.

मेमरी इव्हेंट्समध्ये एकाच नावाचा व्ह्यू दर फेरीला घेतला-सोडला जाताना दिसला तर तात्पुरता व्ह्यू लूपच्या आत घोषित झालाय. बाहेर काढा. जीपीयूवर ही एक चूक कर्नलपेक्षा जास्त वेळ खाऊ शकते.

प्रत्येक मोजमापाची एक ओळ नोंदवहीत ठेवा: तारीख आणि वेळ, यंत्र, रॅमच्या पट्ट्या, कंपायलरची आवृत्ती आणि पर्याय, बॅकएंड, थ्रेड, बाइंडिंग, जाळी, दहा धावांतला सर्वांत कमी आणि मधला वेळ, त्या वेळचा घड्याळाचा वेग, मापदंडाशी फरक, आणि छताच्या किती टक्के. सर्वांत कमी आणि मधला यांत दहा टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर ती ओळ अहवालात घेऊ नका. मशीन थंड होऊ द्या, ब्राउझर बंद करा आणि पुन्हा मोजा.